सुमोच्या इतिहासावर लिहिताय? या चुका टाळा

सुमोवरचे लेख, क्विझचे प्रश्न किंवा व्हिडिओची संहिता वाचली की बहुतेक चुकांचं मूळ एकच दिसतं: आज आखाड्यात जे दिसतं ते दीड हजार वर्षांपासून तसंच चालत आलंय, असं धरून चालणं. खेळ जुनाच आहे, पण त्याचं आजचं रूप मुख्यतः विसाव्या शतकात घडलं आणि त्यातल्या बहुतेक बदलांची सालं सापडतात.

सगळ्यात मोठी गफलत योकोझुनाबद्दल, म्हणजे सुमोतल्या आजच्या सर्वोच्च श्रेणीबद्दल होते. ‘पहिला योकोझुना आकाशी शिगानोसुके’ हे वाक्य सर्रास छापलं जातं. ते योकोझुनांच्या क्रमवार यादीवरून येतं. ही यादी बाराव्या योकोझुनाने, म्हणजे जिनमाकु क्यूगोरोने, बऱ्याच उशिरा तयार केली आणि 1900 साली ती टोकियोतल्या तोमिओका हाचिमान देवस्थानात शिळेवर कोरली गेली. तिच्यातली सुरुवातीची नावं दंतकथेच्या जवळची आहेत. भक्कम नोंद मिळते ती 1789 ची. त्या वर्षी सुमोतले परवाने देणाऱ्या योशिदा घराण्याने तानिकाझे आणि ओनोगावा या दोन मल्लांना कमरेला जाड दोर बांधून आखाड्यात उतरण्याचा परवाना दिला. यादीत त्यांचे क्रमांक चौथा आणि पाचवा आहेत. तेव्हा हा फक्त मान होता, सर्वोच्च श्रेणी ओझेकीच होती. क्रमवारीच्या पत्रकावर ‘योकोझुना’ हा शब्द 1890 मध्ये आला आणि नियमांत त्याला श्रेणीचा दर्जा 1909 मध्ये मिळाला. म्हणून ‘254 विजय आणि फक्त 10 पराभव असूनही रायदेन योकोझुना झाला नाही, म्हणजे त्याला डावललं’ असं ठोकून देऊ नका. तो त्या काळच्या सर्वोच्च श्रेणीवरच होता.

योकोझुनाची तुलना महाराष्ट्र केसरीशीही करू नका. तो किताब एका स्पर्धेत जिंकता येतो. योकोझुनापद मात्र सलग चांगली कामगिरी पाहून दिलं जातं आणि पुढे हरलात तरी खालच्या श्रेणीत उतरवत नाहीत. झेपेनासं झालं की निवृत्ती, एवढाच मार्ग.

आता आखाडा. मधल्या दोन पांढऱ्या रेघा प्राचीन नाहीत. 1928 मध्ये रेडिओवर थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि कार्यक्रम वेळेत संपवणं भाग पडलं. तोवर मल्ल मनाला येईल तितका वेळ पवित्रा घेत बसत, कधी कपाळाला कपाळ टेकवूनही. मग वरच्या गटाला 10 मिनिटांची मर्यादा आली (आज 4 मिनिटं आहे) आणि मल्लांमध्ये अंतर राहावं म्हणून रेघा आखल्या गेल्या. वर्तुळाचा व्यास 1931 मध्ये 3.94 मीटरवरून 4.55 मीटर झाला, त्यामुळे चपळ मल्लाला बाजूला सरकायला जागा मिळाली. छताचे चार खांब प्रेक्षकांच्या नजरेआड येत, ते 1952 मध्ये काढले. आज दिसणारे चार रंगी गोंडे त्यांच्या जागी आले. पंचांचा तो जुनापुराणा वाटणारा पोशाखही 1910 चा!

आकड्यांची तुलना करताना त्या वर्षी किती स्पर्धा होत्या ते आधी पाहा. फुताबायामाचे सलग 69 विजय 1936 ते 1939 या काळातले आहेत, तेव्हा वर्षाला दोनच स्पर्धा होत. हाकुहोचे 63 विजय 2010 या एका वर्षात झाले, कारण 1958 पासून वर्षाला सहा स्पर्धा होतात. फुताबायामाची 12 आणि हाकुहोची 45 विजेतेपदं हे आकडे याच कारणाने शेजारी मांडून निकाल देता येत नाही.

सुमो संघटनेच्या स्थापनेची दोन सालं दिसली तर गोंधळू नका: 1925 साली टोकियोत संस्थेला कायदेशीर मान्यता मिळाली, तर ओसाकाची संघटना 1927 मध्ये तिच्यात विलीन झाली.

परदेशी मल्लांबाबत तीन ‘पहिले’ वेगळे ठेवा. 1972 मध्ये ताकामियामा पहिला विजेता, 1987 मध्ये कोनिशिकी पहिला ओझेकी आणि 1993 मध्ये आकेबोनो पहिला योकोझुना झाला. तिघेही हवाईचे, म्हणून अदलाबदल होते.

शेवटची तपासणी नावांची. आखाड्यातली नावं पुढच्या मल्लांना दिली जातात. निशिनोउमी नावाचे तीन योकोझुना झाले: 16वा, 25वा आणि 30वा. अशा नावापुढे क्रमांक लिहिलाच पाहिजे, नाहीतर एकाच्या कारकिर्दीत दुसऱ्याचं साल घुसतं.