तळ्याकाठची हरणं: ईएचडी हा हरणांचा विषाणूजन्य रोग शिकायला येणाऱ्यांसाठी

ऑगस्ट सरत आला की आमचा फोन वाजायला लागतो. "तळ्याच्या काठाला हरीण मरून पडलंय, अंगावर जखम नाही." अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला माझा असा पहिला फोन संध्याकाळी आला होता. अंधार पडेल म्हणून मी सकाळी निघाले. पोचले तोवर हरिणीचं पोट फुगून टम्म झालेलं, आणि प्लीहा बोट लावताच चिखलासारखी फुटली. नमुना पाठवला, पण त्यातून विषाणू काही वाढला नाही. चूक माझीच होती. म्हणून आधी हेच सांगते: मेल्यापासून चोवीस तासांच्या आत नमुना घ्या, आणि इथल्या उकाड्यात त्याहूनही लवकर. प्लीहा, फुप्फुस आणि लसिका ग्रंथी बर्फावर ठेवून आणा.

मी परभणीला बी.व्ही.एस्सी. ही पशुवैद्यकाची पदवी करून इथे एम.एस.ला आले. नीलजिव्हा आपण मेंढ्यांचा रोग म्हणून पाठ केलेला असतो. भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ची, तीही महाराष्ट्रातलीच. पावसाळ्यानंतर धनगराच्या कळपात तोंड सुजलेली, लंगडणारी मेंढी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली असते. एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज, म्हणजे ईएचडी, ही त्याच घराण्यातली. दोन्ही विषाणू ऑर्बिव्हायरस या एकाच गटातले, दोन्ही क्युलिकॉइड्स गटातल्या चिलटांमार्फत पसरतात आणि दोन्ही रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर घाव घालतात. पांढऱ्या शेपटीच्या हरणात दोन्ही इतके सारखे दिसतात की नुसत्या पोस्टमार्टेमवरून फरक सांगता येत नाही, पीसीआर करावाच लागतो. ईएचडी पहिल्यांदा ओळखली गेली ती १९५५ साली न्यू जर्सीत. माणसाला ही होत नाही. फोन करणारा घाबरलेला असतो, त्याला हे सगळ्यात आधी सांगायचं.

ताजं हरीण मिळालं तर सावकाश बघा. जीभ सुजून निळसर झालेली, नाकातोंडाशी फेस, पापण्या आणि मान जड. छाती उघडल्यावर फुप्फुसाच्या धमनीचा हृदयाजवळचा भाग चिरून पाहा. तिथे रक्ताचे ठिपके दिसले की माझा हात आपोआप ट्यूबकडे जातो. हरीण पाण्याशीच का मरतं? तापानं अंग भाजत असतं, म्हणून ते गारव्याला येतं. लक्षणं दिसल्यावर कित्येक हरणं दीड दिवसही काढत नाहीत.

पण हरणापेक्षा जास्त वेळ चिखलाला द्या. उन्हाळ्यात तळं आटतं, काठाला काळा, शेणामुताचा चिखल उघडा पडतो. क्युलिकॉइड्स सोनोरेन्सिस या जातीच्या चिलटांच्या अळ्या वाढतात त्या तिथेच. चिलट एक ते तीन मिलिमीटरचं, चावते फक्त मादी. तिन्हीसांजेला दिव्याचा सापळा टांगायचा, सकाळी बाटलीत जमलेले हजारो कीटक सूक्ष्मदर्शकाखाली निवडायचे. पहिला महिनाभर सगळी सारखीच दिसतात, मग एक दिवस पंखांवरचे करडे ठिपके ओळखू यायला लागतात. हे काम कंटाळवाणं वाटणाऱ्यांनी हा विषय घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हरीण मेलेलं दिसतं तेव्हा त्याला चिलट चावून आठवडा उलटून गेलेला असतो. तुम्हाला जे कळायला हवं ते त्या आठवड्यातलं असतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत चिलटं वर्षातला मोठा काळ असतात, त्यामुळे कळपांत प्रतिकारशक्ती टिकून राहते. उत्तरेकडच्या हरणांची विषाणूशी गाठ क्वचित पडते, आणि पडली की मोठा घात होतो. २०१२च्या दुष्काळात मिशिगनपासून नेब्रास्कापर्यंत हेच झालं. पहिलं कडक हिंव पडलं की चिलटं मरतात आणि साथ थांबते. २०२२च्या अखेरीस ईएचडी सार्डिनिया, सिसिली आणि दक्षिण स्पेनमधल्या गुरांत सापडली, पुढच्या वर्षी फ्रान्समध्ये. म्हणजे या विषयाला आता युरोपातही माणसं लागणार.

शिकाऱ्यांबद्दल थोडं. आपल्याकडून आलेल्याला त्यांच्याशी बोलणं सुरुवातीला अवघड जातं, मलाही गेलं. पण वाचलेल्या हरणांची खबर तेच आणतात. नोव्हेंबरात एका आजोबांनी पिशवीतून खूर काढून माझ्या हातात ठेवला. आडवी खाच पडलेली, खालचं नख सुटत आलेलं. ताप आला तेव्हा खुराची वाढ थांबली, उतरल्यावर पुन्हा सुरू झाली, त्याची ती खूण. "ही लंगडत होती, पण जगली होती," ते म्हणाले. अशा माणसाला चहा-कॉफी विचारा, हरीण कुठल्या तळ्यावरचं ते लिहून घ्या.

कागदपत्रांचं म्हणाल तर संशोधनाच्या पदवीला इथला पशुवैद्यकीय परवाना लागत नाही. प्रॅक्टिस करायची असेल तरच ती वेगळी, लांबलचक परीक्षा. येण्याआधी आरएनएवर काम करायची सवय करून घ्या आणि जवळच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळेत महिनाभर बसा. आणि धनगरांच्या वाड्यावर जाऊन दोन संध्याकाळी काढा. गुरांभोवती चिलटं किती वाजता उठतात ते त्यांना विचारा. इथे सापळा किती वाजता लावायचा हे मला कुणी सांगावं लागलं नाही, ते त्यामुळेच.