लातूरला नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासला चाललायस? मग हे वाच
पहिले पंधरा दिवस लय जड जातात, घरी फोन करून रडू येतं, होऊ दे. मोबाईल जमा करून घेतात, रविवारी अर्धा तास मिळतो तेव्हा आईशीच बोल, रील बघत बसू नको. मेसच्या डब्यातली भाजी पातळ पाणी असते म्हणून येताना शेंगदाण्याची चटणी न् मेतकूट आणायचंच, आमच्या रूमवर चटणीचा डबा आठवड्यात खलास व्हायचा.

आता मेन गोष्ट. टेस्टचा रँक बोर्डावर लागतो, तो बघून लगेच पळ, तिथं उभं राहून दुसऱ्याचे मार्क मोजू नको. रूमवर येऊन चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरव आणि पुढं लिही की येत नव्हतं, घाई झाली का तुक्का मारला. १८० प्रश्न, १८० मिनिटं, बरोबरला ४ आणि चुकलं की १ कट, म्हणजे तुक्का महागात पडतो. बायोचे ९० प्रश्न आधी उरक, पण एनसीईआरटीचं पुस्तक ओळन् ओळ वाचलेलं पाहिजे, आकृतीखालचं बारीक अक्षरातलं पण. फिजिक्सला मात्र रोज हात लाव, मी नाही लावला, भोगलं.

आणि ताप आला तर सरांना स्पष्ट सांग, ओरडतील, पण सोडतात.