जर्मनीतून शनिवार-रविवारच्या सहलीला निघण्यापूर्वी

जर्मनीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला शुक्रवारचे शेवटचे व्याख्यान आटोपून प्रागला किंवा पॅरिसला जाता येते आणि सोमवारी सकाळी पुन्हा वर्गात बसता येते, ही सोय खरी आहे. मात्र तिची तयारी शुक्रवारी दुपारी सुरू करून भागत नाही. कपडे आणि चार्जर यांविषयी मी काही सांगणार नाही. सुरुवात मागच्या वेळी मी जे विसरले होते त्यापासूनच करते: मूळ पासपोर्ट आणि निवास परवान्याचे मूळ कार्ड, दोन्ही, एकत्र.

जर्मन निवास परवान्यावर शेंगेन क्षेत्रातील (आपसांतल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातील) इतर देशांत कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते, त्यामुळे सीमा उरलीच नाही असा समज होतो. जाताना कोणी विचारले नाही तरी परतताना विचारतात. जर्मनीने 16 सप्टेंबर 2024 पासून आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली, आणि मध्यरात्री बस थांबवून पोलीस आत चढतात तेव्हा मोबाइलमधला फोटो, रंगीत झेरॉक्स किंवा विद्यापीठाचे ओळखपत्र यांच्यावर काम निभत नाही. नुसते कार्डही पुरत नाही, कारण ते पासपोर्टच्या जोडीनेच ग्राह्य धरले जाते. हरवेल या भीतीने पासपोर्ट खोलीवर ठेवून जाणारे पुष्कळ असतात. तो कपाटात सुखरूप राहतो आणि आपण सीमेवर अडकतो.

कार्डावरची मुदतही तिकीट काढण्यापूर्वी पाहावी, नंतर नव्हे. नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असेल तर परदेशी नागरिकांचे कार्यालय मधल्या काळासाठी एक प्रमाणपत्र देते. त्यावर निवास कायद्याच्या 81व्या कलमातील चौथ्या उपकलमापुढे खूण असेल, तर ते, जुने कार्ड आणि पासपोर्ट असे तिन्ही बरोबर घेऊन प्रवास करता येतो. तिसऱ्या उपकलमापुढे असेल तर जर्मनीबाहेर पाऊल टाकू नये, मित्र कितीही आग्रह करोत.

ठिकाण ठरवताना लंडन आणि डब्लिन वगळावे. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनमध्ये नाहीत, तिथे भारतीय पासपोर्टला स्वतंत्र व्हिसा लागतो, आणि ही गोष्ट दरवर्षी कोणाला तरी तिकीट काढल्यावर कळते. स्वस्त विमानतिकिटाच्या मोहात पडण्यापूर्वी विमानतळ नकाशावर शोधावा: फ्रांकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रांकफुर्ट शहरापासून सुमारे 120 किलोमीटर दूर आहे, तर पॅरिसचे म्हणून विकले जाणारे बोव्हे सुमारे 85 किलोमीटरवर. बसचे भाडे आणि वेळ मिळवला की पुष्कळदा रेल्वेच परवडते. डॉइचलांडटिकेट, म्हणजे जर्मनीभर स्थानिक आणि प्रादेशिक वाहतुकीला चालणारा मासिक पास, असेल तर प्रादेशिक गाड्यांनी साल्झबुर्गच्या मुख्य स्थानकापर्यंत जाता येते; पहिल्या सहलीसाठी याहून सोपे ठिकाण नाही. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना मात्र ते चालत नाही. आणि साल्झबुर्ग कितीही जवळचे वाटले तरी ते ऑस्ट्रियात आहे, म्हणजे पासपोर्ट आणि कार्ड तिथेही हवेच.

गर्दीच्या ठिकाणांची तिकिटे आधी काढावीत. ॲमस्टरडॅममधील ॲन फ्रँकच्या घराची तिकिटे केवळ ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात आणि चटकन संपतात. ऐन वेळी दारात जाऊन काही होत नाही. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, पण शनिवार-रविवारी जाणाऱ्याला त्याचा त्रास नाही. तिथे 26 वर्षांखालील, युरोपीय संघात रीतसर वास्तव्य असलेल्यांना प्रवेश मोफत आहे आणि त्याचा पुरावा म्हणून पुन्हा तेच निवासाचे कार्ड दाखवावे लागते. विद्यार्थ्याच्या खिशाला हे कारण कदाचित पोलिसांपेक्षा लवकर पटेल.

विम्याकडे सहसा कोणी पाहत नाही. जर्मन सार्वजनिक आरोग्य विम्याच्या कार्डाची मागची बाजू हेच युरोपीय आरोग्य कार्ड असते आणि ते संघातील बहुतेक देशांत चालते. परंतु संघाबाहेरच्या नागरिकांना, म्हणजे आपल्याला, डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वित्झर्लंड येथे त्यावर उपचार मिळत नाहीत. तिकडे जाताना वेगळा प्रवासविमा घ्यावा. स्वित्झर्लंडला रोमिंगचा युरोपीय नियमही (संघातील दुसऱ्या देशात आपलीच मोबाइल योजना जादा शुल्काविना वापरता येण्याचा) लागू नाही, तेव्हा मोबाइलचा डेटा सीमेआधी बंद करावा किंवा आपली योजना नीट वाचावी.

चलनाचे थोडक्यात: झेक, पोलंड, हंगेरी आणि स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही. एटीएमने युरोत रक्कम वळवून देऊ का असे विचारले तर नको म्हणावे, दर वाईट असतो. प्रागमध्ये ट्रामचे कागदी तिकीट यंत्रात छापून घ्यावे, इटलीत प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट चढण्यापूर्वी. दंड करताना परदेशी म्हणून सूट देत नाहीत.

निघताना दाराशी थांबून पासपोर्ट आणि कार्ड हाताने चाचपून पाहावेत, आठवणीवर विसंबू नये. बसमध्ये ते वरच्या रॅकवरच्या बॅगेत नकोत, अंगावर हवेत.

परतीचे: शेवटची गाडी ठरवू नये, तिच्या आधीची ठरवावी. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळे बदलतात, तो शनिवार-रविवार असेल तर वेळा पुन्हा तपासाव्यात. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात आणि मोठ्या स्थानकांवरची उघडी दुकाने महाग पडतात, म्हणून दूध-पाव शुक्रवारीच आणून ठेवावे.