पंप बदलण्याआधी दाब मोजा: इंधनदाब तपासताना या चुका टाळा

घोडबंदर रस्त्याने गायमुखचा घाट चढताना गाडी पिकअप सोडते, झटके मारते आणि माथ्यावर पोहोचल्यावर काहीच न घडल्यासारखी नीट चालू लागते, ही तक्रार ठाण्यातल्या गॅरेजवाल्यांना नवी नाही. अशा वेळी सर्वांत आधी संशय घेतला जातो तो टाकीतल्या फ्युएल पंपावर. माझ्या पेट्रोल गाडीचा पंपही असाच बदलला गेला, आठच दिवसांत त्याच चढावर तीच तक्रार पुन्हा उभी राहिली, आणि मग लक्षात आले की जुना पंप काढण्यापूर्वी इंधनाचा दाब कोणी मोजलाच नव्हता.

पंपाचा आवाज येतो म्हणून पंप चांगला, किंवा पाइप सैल केल्यावर पेट्रोलची चिळकांडी उडाली म्हणून दाब पुरेसा, असे मानणे ही पहिली चूक. बहुतेक एमपीएफआय गाड्यांमध्ये (प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, असलेल्या) रेलवरचा, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब साधारण ३ ते ४ बार (बार हे दाबाचे एकक) असावा लागतो, आणि दीड बारालाही पेट्रोल जोरातच उडते. डोळ्यांना हा फरक कळत नाही. त्यासाठी प्रेशर गेजच हवा. अनेक गाड्यांच्या रेलवर गेज लावण्यासाठी वेगळा वाल्व्ह नसतो, तेव्हा पुरवठ्याच्या नळीत टी-जोड बसवावा लागतो. दाबाचा नेमका आकडा मात्र त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा, दुसऱ्या गाडीवरून अंदाज बांधू नये.

दुसरी चूक अधिक महागात पडते, ती म्हणजे गाडी जागेवर उभी असताना आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, दाब पाहून समाधान मानणे. आयडलला इंजिनाला इंधन इतके कमी लागते की थकलेला पंप किंवा चोंदलेला फिल्टरसुद्धा तेवढे सहज पुरवतो. खरी परीक्षा लोडवर, म्हणजे इंजिनावर ताण असताना, होते. आम्ही लांब नळी लावून गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला चिकटवला (पेट्रोलची नळी गाडीच्या आत कधीही घेऊ नये) आणि मी गाडी चालवत असताना शेजारी बसलेल्या मित्राने आकडे वाचले. सपाट रस्त्यावर काटा ३ बारवर स्थिर होता. घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच तो हळूहळू २.१ पर्यंत उतरला, आणि गाडीने झटके द्यायला सुरुवात केली ती नेमकी त्याच क्षणी.

दाब पडतो आहे हे कळले तरी पंपच दोषी ठरत नाही, कारण पंपाला पुरेसा व्होल्टेज मिळतो का हा प्रश्न उरतोच. हा व्होल्टेज पंपाचा कनेक्टर (वायरचा जोड) काढून मोजणे ही तिसरी चूक आहे: करंट वाहत नसताना गंजलेल्या वायरमधूनही पूर्ण व्होल्टेज दिसतो. मोजमाप पंप चालू असताना, कनेक्टर जोडलेला ठेवून, मागून प्रोब लावूनच घ्यावे. आमच्या गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि पंपाशी ११.२, त्यांपैकी २.३ व्होल्ट एकट्या अर्थच्या (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या जोडणीच्या) बाजूला हरवत होते. मागच्या सीटखाली गालिचा उचलला तेव्हा अर्थचा बोल्ट गंजाच्या हिरवट पांढऱ्या थराने भरलेला आढळला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढणाऱ्या प्रत्येकाने ही जागा तपासावी. बोल्ट घासून घट्ट केल्यावर त्याच घाटात काटा ३ बारवरून हलला नाही.

गाडी गरम असताना बंद करून पंधरावीस मिनिटांनी सुरू करायला गेले की बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, ही तक्रार वेगळ्या जातीची आहे आणि तिथे चालू इंजिनावरचा दाब अगदी बरोबर येतो. इंजिन बंद केल्यावर दाब किती टिकतो ते पाहावे लागते, कारण तो निसटला तर गरम रेलमध्ये पेट्रोलची वाफ होते. किल्ली दोनतीनदा ऑन-ऑफ करून, म्हणजे पंपाला दरवेळी दोनतीन सेकंद चालू देऊन, नंतर गाडी चटकन सुरू झाली तर दाब निसटत असल्याचा संशय पक्का धरावा. रिटर्न लाइन (जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी) असलेल्या गाडीत ती रबरी नळी क्लॅम्पने दाबल्यावर दाब टिकला तर दोष रेग्युलेटरचा, म्हणजे दाब ठरावीक राखणाऱ्या भागाचा. पुरवठ्याची नळी दाबल्यावर टिकला तर पंपाच्या चेक वाल्व्हचा, म्हणजे पेट्रोल मागे येऊ न देणाऱ्या झडपेचा. दोन्ही दाबूनही उतरत राहिला आणि बाहेर कुठे गळती नसेल तर इंजेक्टर ठिबकत आहेत. प्लास्टिकच्या नळ्यांवर मात्र क्लॅम्प लावू नये, त्या तडकतात. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोलचा ओलावा दिसला तर त्याचा पडदा फाटला आहे, पुढे चाचणीची गरज नाही.

स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले दोष-कोड वाचणाऱ्या यंत्रावर) पी०१७१ हा कोड आला की ‘पंप गेला’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी फ्युएल ट्रिमही, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते आकडेही, वाचावेत. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, एवढेच तो कोड सांगतो. आयडलला ट्रिम जास्त आणि आरपीएम वाढल्यावर कमी होत असेल तर इनटेकमध्ये हवा गळत असण्याची शक्यता अधिक. लोडबरोबर ट्रिम वाढत गेला तर दाबाकडे वळावे.

पेट्रोलच खराब असेल तर यातले काहीच उपयोगी पडत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये पाणी जास्त झाले की पाणी आणि इथेनॉलचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे पंपाच्या तोंडाशीच बसतो. पारदर्शक काचेच्या बाटलीत थोडे इंधन काढून काही वेळ ठेवल्यास तो थर दिसतो.

कोणतीही नळी सोडवण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, ते थंड होऊ द्यावे, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि अग्निशामक हाताशी ठेवावा. डिझेल कॉमन रेल (सर्व इंजेक्टरांना एकाच उच्चदाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) आणि डायरेक्ट इंजेक्शन (थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांची उच्चदाबाची बाजू घरी उघडूच नये. कॉमन रेलमधला दाब हजार बारच्याही वर जातो आणि तिथली बारीक धार कातडी भेदून आत शिरते.