टेनिस रॅकेटचं हायब्रीड गटिंग: ऊन-धुळीत टिकेल अशी जोडी

रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारांची वीण, तुटलं की आधी मोबाइलवर त्याचा एक फोटो काढा. तार नेमकी कुठे तुटली, यावर पुढची जोडी ठरते. हायब्रीड म्हणजे उभ्या तारा एका जातीच्या आणि आडव्या दुसऱ्या जातीच्या, अशी जोडी. दुकानात जाऊन नुसतं ‘काहीतरी टिकाऊ टाका’ म्हटलं, की बहुतेक वेळा सगळ्यात जाड आणि कडक पॉलिस्टर दोन्ही बाजूंनी लावून मिळतं. ते तुटत नाही, पण दोन महिन्यांत कोपर बोलायला लागतं.

फोटो काढून झाला की उरलेल्या तारा लगेच कापा. एक तार तुटली की फ्रेमवरचा ताण एका बाजूला जातो आणि रॅकेट तशीच आठवडाभर पडून राहिली तर डोकं वाकडं होऊ शकतं. कापताना मधल्या तारेपासून सुरुवात करा आणि एक उभी, एक आडवी असं करत बाहेरच्या बाजूला जा. एकाच दिशेच्या सगळ्या तारा आधी कापू नका.

आता फोटो नीट पाहा. तार मधोमध तुटली असेल आणि शेजारच्या उभ्या तारांवरही खाचा दिसत असतील, तर ती घासून तुटली आहे. हायब्रीडचा खरा उपयोग इथेच होतो. फ्रेमच्या अगदी लगत तुटली असेल तर दोष तारेच्या जातीचा नसतो. एक तर चेंडू काठावर बसला असेल, नाहीतर ग्रॉमेट, म्हणजे फ्रेमच्या भोकातली प्लास्टिकची नळी, फुटून तिची किंवा फ्रेमची धार तारेला कापत असेल. तिथे महागडी जोडी टाकली तरी ती तिथेच तुटणार. आधी ग्रॉमेट बदला. गाठीजवळ किंवा क्लॅम्पच्या, म्हणजे मशीनवर तार धरणाऱ्या चिमट्याच्या, खुणेवर तुटली असेल तर गटिंग करणाऱ्याशी बोला.

घासून तुटणं म्हणजे काय, हे कळलं की जोडी निवडणं सोपं जातं. टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, मारताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि परत जागेवर येतात. आडव्या तारा जवळपास स्थिर असतात. प्रत्येक फटक्याला उभी तार आडव्या तारेवर घासते आणि विहिरीच्या काठावर दोराने खाच पडावी तशी तिच्यावर खाच पडत जाते. त्यामुळे बहुतेकांची उभी तारच आधी जाते. टिकाऊपणा हवा असेल तर दणकट तार उभी आणि मऊ तार आडवी, हा पहिला नियम. उलटी जोडी हाताला बरी वाटते, पण तेवढी टिकत नाही.

रॅकेटची वीणही पाहा. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांच्या रॅकेटमध्ये चौकोन मोठे असतात, तारा जास्त सरकतात आणि लवकर तुटतात. १८ × २० च्या रॅकेटमध्ये तेच गटिंग स्पष्टपणे जास्त चालतं. तुमची रॅकेट दाट विणीची असेल आणि खेळ सपाट फटक्यांचा असेल, तर तुम्हाला हायब्रीडची गरजच नसेल. १.३० मिलिमीटर जाडीचं साधं सिंथेटिक गट (नायलॉनची तार) दोन्हीकडे टाका आणि पैसे वाचवा.

तारांचे प्रकार

सिंथेटिक गट म्हणजे नायलॉनची एक जाड गाभ्याची तार आणि तिच्यावर बारीक धाग्यांचं वेष्टन. स्वस्त, सगळीकडे मिळणारी, हाताला ठीक. मल्टिफिलामेंट म्हणजे शेकडो बारीक धागे एकत्र बांधलेली तार. ती आणखी मऊ असते, पण एकदा धागे सुटायला लागले की फार दिवस काढत नाही. पॉलिस्टर एकजिनसी आणि कडक. १९९७ साली गुस्ताव्हो कुएर्टेनने लक्सिलॉन कंपनीच्या पॉलिस्टर तारा लावून फ्रेंच ओपन जिंकली आणि त्यानंतर स्पर्धांमध्ये या तारांचाच बोलबाला झाला. केव्हलार किंवा ॲरामिड तार सगळ्यात दणकट आणि सगळ्यात कडक. नॅचरल गट गाई-बैलांच्या आतड्यापासून बनवतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी पाकीट घेतानाच विचारून घ्यावं.

नॅचरल गटचा विषय इथेच संपवू. रॉजर फेडरर उभ्या तारा नॅचरल गटच्या आणि आडव्या लक्सिलॉन अॅल्यू पॉवर रफच्या लावायचा. विल्सन कंपनी ही जोडी ‘चॅम्पियन्स चॉईस’ नावाने विकते. जोडी उत्तम आहे आणि वाटते त्यापेक्षा जास्त टिकते. पण नॅचरल गटला पाणी आणि दमट हवा सोसत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये ओल्या कोर्टावर, ओल्या चेंडूने खेळलात की तार फुगते आणि तिचे धागे सुटायला लागतात. नांदेड-लातूरकडे पावसाळ्यातल्या सकाळी खेळणाऱ्याने त्यात पैसे घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवाय मोठे खेळाडू जवळपास प्रत्येक सामन्याला ताजं गटिंग लावतात. त्यांची जोडी टिकण्यासाठी निवडलेलीच नसते.

कोणासाठी कोणती जोडी

क्लबमध्ये आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणारा, टॉपस्पिन मारणारा, दीड-दोन महिन्यांत सिंथेटिक गट तोडणारा खेळाडू घ्या. त्याने उभी तार गोल, गुळगुळीत पॉलिस्टरची १.२५ मिलिमीटर आणि आडवी सिंथेटिक गटची १.३० मिलिमीटर घ्यावी. योनेक्स पोली टूर प्रो किंवा हेड लिंक्स उभ्याला, प्रिन्स सिंथेटिक गट आडव्याला, अशा जोड्या सहज जमतात. आडवी मुद्दाम थोडी जाड घ्यायची, कारण या जोडीत पॉलिस्टर तिला कापत असतं. आडवी बारीक घेतली तर तीच आधी तुटते आणि ‘हायब्रीडने काही फरक पडला नाही’ असं वाटतं.

कडा असलेली पॉलिस्टर तार, उदाहरणार्थ बाबोलात आरपीएम ब्लास्ट किंवा सोलिन्को टूर बाइट, चेंडूला जास्त फिरकी देते. पण तिच्या कडा मऊ आडव्या तारेला करवतीसारख्या लागतात. अशी तार उभी लावायचीच असेल तर आडवीसुद्धा पॉलिस्टरचीच, पण गोल आणि गुळगुळीत, १.२० ते १.२५ मिलिमीटरची लावा. ही जोडी भरपूर टिकते. मात्र ती पूर्ण पॉलिस्टर झाली. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलांना आणि कोपर दुखून गेलेल्यांना ती देऊ नका. मुलगा जिल्हा स्पर्धा जिंकतोय म्हणून त्याला मोठ्यांचं गटिंग देणारे पालक कमी नाहीत. बारा वर्षांच्या मुलाला तार तोडण्याइतका फटकाच नसतो, मग टिकाऊपणाचा प्रश्न येतो कुठून?

महिन्याला दोन-दोन गटिंगं तोडणाऱ्यांसाठी शेवटचा उपाय म्हणजे उभी केव्हलार आणि आडवी सिंथेटिक गट. यापेक्षा टिकाऊ जोडी सहसा मिळत नाही. फटक्याचा धक्का थेट मनगटात आणि कोपरात जातो, म्हणून ताण बराच उतरवावा लागतो आणि तरीही ती सगळ्यांना मानवत नाही.

कोपर आधीच कुरकुरत असेल तर नियम उलटा करा. उभी मल्टिफिलामेंट १.३० आणि आडवी गुळगुळीत, गोल पॉलिस्टर १.२०. पॉलिस्टर गुळगुळीत असल्यामुळे मल्टिफिलामेंट तिच्यावर सहज सरकते आणि पूर्ण मल्टिफिलामेंटपेक्षा जास्त दिवस चालते. इथे कडा असलेली आडवी तार चुकूनही घेऊ नका.

ताण किती ठेवायचा

रॅकेटच्या गळ्यावर किंवा आतल्या बाजूला ताणाची मर्यादा पाउंडात छापलेली असते. समजा ती ५० ते ६० आहे आणि तुम्ही नायलॉन ५५ वर खेळता. मग पॉलिस्टर-सिंथेटिक जोडीत उभ्या ५० ते ५१ वर आणि आडव्या ५३ वर घ्या. पॉलिस्टर कडक असल्याने कमी ताणातही घट्ट वाटतं. उभी मल्टिफिलामेंट आणि आडवी पॉलिस्टर असेल तर ५४ आणि ५२. केव्हलार असेल तर उभ्या ४८ च्या आसपास आणि आडव्या ५२. उभ्या-आडव्यांतला फरक चार-पाच पाउंडांपेक्षा जास्त नको, नाहीतर फ्रेमवर विनाकारण जोर पडतो. केव्हलारचे ४८ छापील मर्यादेच्या खाली जातात, त्याने फ्रेमचं नुकसान होत नाही. वरची मर्यादा मात्र ओलांडू नका.

उन्हाळ्यात अनेक जण ताण कमी करून घेतात, ते उलट आहे. परभणी-नांदेडकडे पारा चाळिशीपार जातो तेव्हा चेंडू जास्त उसळतो आणि तारा सैल पडतात. मार्च ते मेमध्ये नेहमीपेक्षा एक-दोन पाउंड वाढवा, डिसेंबर-जानेवारीत तेवढेच उतरवा.

गटिंग करून घेताना

छोट्या गावांत गटिंगचं मशीन मुख्यतः बॅडमिंटनसाठी असतं. बॅडमिंटनची तार ०.७० मिलिमीटरच्या आसपासची आणि तिचा ताण वीस-पंचवीस पाउंडांचा. टेनिसचा ताण त्याच्या दुप्पट. म्हणून दोनच गोष्टी विचारा: क्लॅम्प टेनिसच्या जाडीच्या तारेला बसतात का आणि फ्रेम सहा ठिकाणी धरली जाते का? फ्रेम दोनच ठिकाणी धरणारं मशीन असेल तर पॉलिस्टर आणि केव्हलार तिथे नको. हाताने फिरवायच्या क्रँक मशीनवर ताण लॉक झाला की पुढची ओढ थांबते, म्हणून तेच ५० पाउंड इलेक्ट्रॉनिक मशीनपेक्षा थोडे सैल निघतात. दुकान बदललं तर एवढ्यावरूनच रॅकेट वेगळी वाटू शकते.

हायब्रीड म्हणजे दोन तुकडे आणि चार गाठी. एका पाकिटात सुमारे १२ मीटर तार असते. १०० चौरस इंच डोक्याच्या रॅकेटला उभ्यासाठी ६ मीटर आणि आडव्यासाठी साधारण साडेपाच-पावणेसहा मीटर लागते. म्हणजे पॉलिस्टरचं एक आणि सिंथेटिक गटचं एक अशा दोन पाकिटांत दोन रॅकेटी होतात. कापताना मध्यावर कापा, घाईत अंदाजाने नको. उभ्याचा तुकडा अर्धा फूट कमी पडला तर अख्खं काम वाया जातं. २०० मीटरच्या रिळात हायब्रीडचे तीसेक अर्धे तुकडे निघतात, त्यामुळे चार-पाच जणांनी मिळून एक पॉलिस्टरचं आणि एक सिंथेटिकचं रीळ घेतलं तर खर्च बराच उतरतो.

आडव्या तारा वरून खाली, डोक्याकडून मुठीकडे लावायला सांगा. मऊ आडवी तार पॉलिस्टरमधून सरळ, जोरात ओढली तर घर्षणाने तिथेच जळते. ओढताना हात वर-खाली हलवत ओढली पाहिजे. नव्या कोऱ्या गटिंगवर आठवड्यात तार तुटली आणि तिथे खाच नव्हती, तर बहुधा हेच झालेलं असतं.

नंतरची निगा

मुरूम-मातीच्या कोर्टावर आणि वाऱ्याने धूळ येणाऱ्या सिमेंटच्या कोर्टावर बारीक खडी तारांच्या चौकटीत अडकते आणि सॅंडपेपरचं काम करते. खेळ संपला की कोरड्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा, ओल्या नको. सिंथेटिक तारा जागेवरून हलल्या असतील तर बोटांनी सरळ करा. वाकडी राहिलेली तार एकाच जागी घासत राहते.

रॅकेट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि स्कूटरला उघडी अडकवून नेऊ नका. बंद गाडीतल्या उष्णतेत नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही झपाट्याने सैल पडतात. डॅम्पनरने, म्हणजे तारांमध्ये बसवायच्या रबरी तुकड्याने, आवाज बदलतो, आयुष्य वाढत नाही. तारांच्या फुलीवर बसवायचे प्लास्टिकचे स्ट्रिंग सेव्हर नायलॉनच्या गटिंगवर चालतात. उभ्या पॉलिस्टरवर त्यांनी सरकणं अडतं आणि फिरकी कमी होते.

शेवटची अडचण अशी, की पॉलिस्टर तुटत नाही, पण मरतं. पहिल्याच दिवसात त्याचा ताण बऱ्यापैकी उतरतो आणि खेळाच्या साधारण वीस तासांनंतर लवचीकपणा संपतो. चेंडू अचानक लांब जायला लागतो, हाताला धक्का बसतो, तारा सरकून जागेवर परत येत नाहीत. तार शाबूत असली तरी तेव्हा गटिंग कापायचं. अर्ध्याच तारा तुटल्या म्हणून तेवढ्याच बदलून द्या, असंही दुकानदाराला सांगू नका. उरलेल्या अर्ध्याचा ताण आधीच उतरलेला असतो आणि नव्याशी तो जुळत नाही. नवं गटिंग झालं की तारीख, दोन्ही तारांची नावं, जाडी आणि ताण एका चिठ्ठीवर लिहून रॅकेटच्या गळ्यात आतून चिकटवा. पाकिटातला उरलेला अर्धा तुकडा सैल गुंडाळून, बंद पिशवीत, नाव लिहून सावलीत ठेवा. पॉलिस्टरला घट्ट वेटोळं घातलं तर ते तसंच वळलेलं राहतं आणि विणताना त्रास देतं.