उशिरा नियुक्ती मिळाली? ज्येष्ठता आणि पेन्शनच्या दाव्यात या चुका टाळा

जाहिरात 2004 ची, निवड यादी 2005 ची आणि नियुक्ती आदेश हातात पडला 2006 मध्ये. अशा प्रकरणांत सर्वाधिक नुकसान करणारी चूक म्हणजे ज्येष्ठता, जुनी पेन्शन, वेतनवाढ आणि थकबाकी या चारही मागण्या एकाच निवेदनात घालणे. त्यातली सर्वात कच्ची मागणी पुढे करून आस्थापना शाखा अख्खा अर्ज नस्तीबद्ध करते, म्हणजे फाइल बंद करते. दावे वेगळे करा, कारण प्रत्येकाचा आधार वेगळा आहे.

पेन्शनसाठी जाहिरातीची तारीख बघतात. महाराष्ट्रात जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची आणि रुजू त्यानंतर, अशा राज्य कर्मचाऱ्यांना 2 फेब्रुवारी 2024 च्या शासन निर्णयाने जुन्या पेन्शनचा एकवेळचा पर्याय दिला. मुदत सहा महिन्यांची होती. केंद्रात 3 मार्च 2023 च्या ज्ञापनाने तसाच पर्याय आला. तिथे जाहिरात 22 डिसेंबर 2003 पूर्वीची लागते. इथे बरेचजण निवड यादी जोडतात आणि जाहिरातच विसरतात. नियुक्ती आदेशाच्या ‘संदर्भ’ रकान्यातला जाहिरात क्रमांक आणि जोडलेली प्रत जुळलीच पाहिजे. क्रमांक नसेल तर माहिती अधिकारात भरतीची नस्ती मागा. पर्याय मुदतीत दिला असेल तर आवक क्रमांक असलेली पोच हाच खरा पुरावा. मंजुरीनंतर एनपीएसची (राष्ट्रीय पेन्शन योजनेची) कपात थांबली का, भविष्य निर्वाह निधीचे खाते उघडून तुमचा हिस्सा तिकडे वर्ग झाला का, हे वेतनपत्रकावर स्वतः तपासा.

एक गैरसमज मात्र काढून टाका. जुनी पेन्शन मिळाली म्हणजे सेवा जाहिरातीपासून मोजली जाते असे नाही. पेन्शनपात्र सेवा पदभार घेतल्यापासूनच धरतात. रुजू अहवाल आणि सेवापुस्तकातली तारीख, अगदी मध्यान्हपूर्व की मध्यान्हनंतर ही नोंदसुद्धा, एकसारखी आहे का ते बघा.

ज्येष्ठतेचे गणित निराळे. महाराष्ट्राच्या 1982 च्या ज्येष्ठता नियमांत एकाच तुकडीतल्या सरळसेवा उमेदवारांचा क्रम गुणवत्ता यादीप्रमाणे लागे. अट अशी, की आदेशापासून 30 दिवसांत किंवा मंजूर वाढीव मुदतीत रुजू व्हायचे. म्हणून मुदतवाढ तोंडी घेऊ नका, लेखी मंजुरी जपून ठेवा. ‘पद आधीच रिक्त होते’ एवढ्यावर मागची ज्येष्ठता मागू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मेघचंद्र सिंह प्रकरणात, संवर्गात (त्या सेवेच्या पदगटात) नसलेल्या काळाची ज्येष्ठता नाकारली. पण त्याच निवडीतला तुमच्याखालचा उमेदवार आधी नेमला गेला आणि तुम्हाला चुकीच्या कारणाने डावलले, तर दावा भक्कम आहे. 2020 च्या सी. जयचंद्रन निकालात अशा उमेदवाराला मानीव, म्हणजे मागच्या तारखेपासून धरलेली, ज्येष्ठता मिळाली. अर्जासोबत चार रकान्यांचा तक्ता द्या: नाव, गुणवत्ता क्रमांक, आदेशाची तारीख, रुजू दिनांक. दहा पानी निवेदनापेक्षा हा तक्ता अधिकाऱ्याच्या लवकर लक्षात येतो. मानीव दिनांक मागताना थकबाकीवर अडून बसू नका. काम न केलेल्या काळाचे वेतन सहसा मिळत नाही.

तात्पुरत्या ज्येष्ठता यादीवर हरकत मुदतीतच, लेखी द्या. त्यानंतरची घातक सवय म्हणजे वर्षानुवर्षे स्मरणपत्रे पाठवत राहणे. त्याने मुदत वाढत नाही. प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम 21 नुसार न्यायाधिकरणात अर्ज करण्याची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपील किंवा निवेदनाला उत्तरच नाही, तर सहा महिने थांबून पुढचे एक वर्ष. पेन्शन दरमहा देय असल्याने तिथे उशीर काहीसा माफ होतो, तरी थकबाकी साधारण तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्येष्ठतेत ही सवलत नाही, कारण इतरांच्या जागा हलतात. त्याच कारणाने, ज्यांच्या वर तुम्ही जाणार त्यांना प्रतिवादी करा. नाहीतर अर्ज त्याच मुद्द्यावर पडू शकतो. जिल्हा परिषद कर्मचाऱ्यांनी मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) वेळ घालवू नये, त्यांना उच्च न्यायालयात जावे लागते.