लिंगाला आग, खाज, सूज? ट्यूब चोळण्याआधी या चुका टाळा

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. गर्दी ओसरली की दारात एक जण रेंगाळत असतो. गुडघा दुखतो म्हणतो. गुडघा बघून होतो, सिस्टर बाहेर जातात, मग खरं निघतं: "साहेब, खाली लई आग व्हायली."

लिंगाचं टोक आणि त्यावरची कातडी लाल होणं, सुजणं हा एकच आजार नाही. बुरशी, जिवाणू, साबणाची अ‍ॅलर्जी, सोरायसिस, लैंगिक आजार, सगळे वरून सारखेच दिसू शकतात. त्यामुळे "त्याला ज्या ट्यूबनं बरं वाटलं तीच मला द्या" म्हणणाऱ्याला मी आधी खुर्चीवर बसवतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे शुगर न तपासणं. मागच्या उन्हाळ्यात चाळिशीतला एक शेतकरी आला. दीड महिन्यात तीन ट्यूब संपवलेल्या, त्याही मेडिकलवाल्याला विचारून. वर 'उन्हाळी लागली' म्हणून सब्जा आणि धन्याचं पाणी चालूच. कातडीच्या कडेला बारीक चिरा, आत पांढरा थर, कातडी मागं सरकेना. मी विचारलं, लघवीला मुंग्या लागतात का? गडी चपापला. "मोरीत लागतात, पण बायको म्हणली गुळाचं पाणी सांडलं असंल." बोटातून थेंब घेतला, शुगर 340. त्याला मधुमेह आहे हे त्या दिवशी कळलं. लघवीत साखर उतरली की बुरशीला आयती मेजवानी. शुगर आटोक्यात येईपर्यंत मलम नुसतं वरवरचं. चिरा दिसल्या की मी आधी शुगर बघतो, वय विचारत बसत नाही. मधुमेहावरच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच काढतात, त्यांच्यामुळेही हा त्रास होतो. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला सांगा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे ती पंचमेळ ट्यूब. स्टिरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक, सगळं एकात. दोन दिवस लाली उतरते, माणूस खूश. थांबवली की दुप्पट उसळते, कातडी पातळ होते आणि मूळ दुखण्याचा चेहराच बदलतो. मग मी तरी काय ओळखणार? स्टिरॉइडची कितीतरी मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. आमच्याकडं कोण विचारतंय! काही त्वचारोगांत हेच स्टिरॉइड लागतं, पण ते निदान झाल्यावर.

डेटॉल, तुरटी, लिंबू: नको. आधीच सोललेल्या कातडीवर ही आग कशाला? साधं पाणी घ्या, कातडी हलकेच मागं घेऊन धुवा, कोरडं करा, कातडी परत पुढं आणा. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टंचाई काय असते ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण एक तांब्या पुरतो.

कातडी मागं अडकून टोक सुजलं, तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री दवाखाना गाठा.

लहान बाळाची कातडी ओढून मागं नेऊ नका, आज्जी कितीही म्हणू दे. त्या वयात ती चिकटलेलीच असते.

बायकोवर संशय घेऊन भांडत येणारेही आहेत. बुरशी संबंधांशिवायही होते. मात्र फोड, जखम, लघवीच्या जागेतून पू असेल तर तपासणी दोघांचीही. सिफिलिस या लैंगिक आजाराची जखम बहुतेक वेळा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते. सरकारी रुग्णालयातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या तपासण्या होतात.

अंगदुखीची ठरावीक गोळी घेतली की दरवेळी त्याच जागी काळपट-लाल चट्टा उठत असेल, तर त्या गोळीवर संशय घ्या.

औषध घेऊनही चट्टा महिनाभर हटत नसेल, कडक लागत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर तुकडा काढून तपासावा लागतो. यात कॅन्सरही सापडतो, म्हणून मी घाई करतो.

आणि येताना वापरलेली ट्यूब घेऊन या, रिकामी असली तरी. "पांढरी होती, निळं झाकण होतं" यावरून मला औषध कळत नाही.